मुसफ्फातले मंत्रिमहोदय

गल्फमध्ये आलेला प्रत्येक माणूस आपल्या देशात कोणीतरी मोठा असतो. आमच्या कंपनीचा स्टोअरकीपर गावचा जमीनदार होता, ड्रायव्हर फौजेत सुभेदार होता, आणि कॅन्टीनच्या कुकने म्हणे एका राजाच्या मुदपाकखान्यात काम केलं होतं. कोणता राजा, हे विचारायचं नाही, अशी रीत. तुम्ही त्याचा राजा मान्य करायचा, तो तुमची डेप्युटी कलेक्टरी मान्य करतो. त्यामुळे आमच्या कॅम्पचा नवा ॲडमिन ऑफिसर फिलिपिन्सचा माजी मंत्री आहे, असं कानावर आलं तेव्हा मी टाईप करता करता “हो का?” म्हटलं आणि पुढची ओळ घेतली.

फरक एवढाच होता, की हे त्यांनी स्वतः सांगितलेलं नव्हतं.

सांगितलं आमच्या ड्राफ्ट्समन रिकोने. चहाच्या कपाटापाशी त्याने या नव्या माणसाला पाहिलं, हातातला कप तसाच ठेवला, ताठ उभा राहिला आणि मग वाकून त्यांचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. रिको एरवी आमच्या जनरल मॅनेजरना, म्हणजे करंदीकर साहेबांना, खुर्चीतून अर्धवट उठून गुड मॉर्निंग म्हणायचा. करंदीकरांना हे लागलं. त्यांनी दुपारी मला बोलावून नव्या माणसाची फाईल मागवली. एका पानाचा बायोडेटा, त्यात अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ: सार्वजनिक सेवा, बावीस वर्षं. करंदीकर म्हणाले, “सबनीसबाई, हा म्युनिसिपालटीत कारकून असणार.”

आर्तेमिओ सुमांदाल हे त्यांचं नाव. एका बेटाचे ते दोनदा गव्हर्नर होते आणि नंतर अकरा महिने वाहतूक मंत्री. मग सरकार गेलं. नव्या सरकारने जुन्या लोकांच्या फायली उघडायला घेतल्या, त्या सुमाराला हे अबू धाबीत नर्स असलेल्या मुलीला भेटायला तीन आठवड्यांसाठी आले आणि सात वर्षं राहिले. मुलीच्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळा आला म्हणून आमच्याकडे नोकरी धरली, असं ते सांगत. कंटाळा घालवायला कोणी अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फात येत नाही. ॲल्युमिनियमचे दरवाजे-खिडक्या आणि काचेच्या भिंती बनवणारं आमचं वर्कशॉप, मागे चारशे माणसांचा कॅम्प, आणि मधे धूळ. त्या धुळीत हा साठीचा, ठेंगणा, गोल चेहऱ्याचा माणूस रोज पॉलिश केलेले बूट आणि पांढऱ्यावर पांढरं भरतकाम केलेला झिरझिरीत शर्ट घालून यायचा. पहिल्या आठवड्यात सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यापासून कॅम्पमधले लोक त्यांना “मिनिस्टर” म्हणायला लागले. थट्टेने सुरू झालेलं नाव हळूहळू नुसतं नाव झालं.

त्यांची पहिली गंमत म्हणजे माणसांची नावं. चारशे लोकांना आम्ही ऑफिसवाले नंबराने ओळखायचो. माझाही इलाज नव्हता, फाईलवर नंबरच असायचे. मिनिस्टर महिन्याभरात चारशेच्या चारशे नावं शिकले. नुसती नावं नाहीत तर बायकोचं नाव, गाव, आणि कोणाच्या आईचं कोणतं दुखणं चालू आहे तेही. हात मिळवताना ते दोन्ही हात वापरत आणि समोरच्याचा हात त्याने विचार करायला लागेपर्यंत सोडत नसत. “मॅम नीला,” ते मला म्हणाले होते, “पूल कोणी बांधला हे लोक दोन वर्षांत विसरतात. मयताला कोण आलं होतं ते नातवंडांना सांगतात.” मला हे बेरकीपणाचं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, बेरकीपणा आहेच, पण त्यासाठी मयताला जावं तर लागतंच ना.

कॅम्पमध्ये नवा वॉटर कूलर आला तेव्हा त्यांनी त्याचं उद्घाटन ठेवलं. लाल रिबीन, कात्री, चार ओळींचं भाषण. करंदीकरांनी बिल पाहून डोक्याला हात लावला. “सात दिऱ्हमची रिबीन! म्हणजे सत्तर रुपयांची! थंड पाण्याला!” पण त्या कूलरची तोटी पुढे कधी मोडली नाही, ही गोष्ट खरी. आधीचे दोन कूलर महिनाभर टिकले नव्हते.

पाण्यावरून कॅम्पमध्ये कायम बोंब असे. त्यात सगळ्यांत मोठा आवाज गुलखानचा. गुलखान पेशावरकडचा, फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि टँकर अर्धा तास उशिरा आला की ऑफिसच्या दारात उभा राहून सगळ्या खानदानाचा उद्धार करायचा. मिनिस्टरांनी एका शुक्रवारी मीटिंग बोलावली, कमिटी नेमली आणि सर्वांसमक्ष गुलखानला पाणीखात्याचा प्रमुख केलं. जेवणावरून भांडणाऱ्या दोघा बंगाल्यांना जेवणखातं दिलं. एसी बिघडल्याची रोज तक्रार लिहिणाऱ्या केरळच्या माणसाला एसीचं. प्रत्येकाला टाईप केलेलं नेमणूकपत्र, ते अर्थात मीच टाईप केलं. पुढच्या टँकरला उशीर झाला तेव्हा चारशे माणसं गुलखानच्या खोलीबाहेर जमली. त्या दिवसापासून गुलखान पहाटे गेटवर उभा राहून टँकरची वाट बघू लागला. मी म्हटलं, सर, हे तर तुम्ही तुमचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात मारलंत. ते गंभीरपणे म्हणाले, याला आमच्याकडे मंत्रिमंडळ म्हणतात.

एकदा मी त्यांना दिवाळीच्या फराळाला घरी बोलावलं. चकली त्यांना इतकी आवडली की माझ्या नवऱ्याने डबाच पुढे सरकवला. आमची मुक्ता तेव्हा आठवीत. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा कारभार. मोठ्यांना जे विचारायची लाज वाटते ते तिने सरळ विचारलं, “Were you really a minister? What did you do all day?” ते म्हणाले, बहुतेक वेळ बाकीच्यांचं बोलणं संपायची वाट बघायचो. मग तिने विचारलं, मग तुम्हाला का काढलं?

आम्ही दोघं चपापलो. पण त्यांनी चकली खाली ठेवली आणि सांगितलं. त्यांच्या वेळी एक फेरीबोट बुडाली होती. बोटीत जास्त माणसं भरतात असा एक रिपोर्ट त्यांच्या टेबलावर आधीच येऊन पडला होता. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी एक कागद पुढे केला: ‘मला याची कल्पना नव्हती’ एवढं लिहून सही करा, खुर्ची राहील. यांनी सही केली नाही. कल्पना होती, असं वर्तमानपत्रांना सांगून टाकलं. खुर्ची गेली, आणि पाठोपाठ सरकार.

“You were brave,” मुक्ता म्हणाली.

“I was clean,” ते म्हणाले. “माझ्या जागी जो आला त्याने आल्या आल्या त्या कागदावर सही केली. बुडालेल्यांच्या घरच्यांना काही मिळालं नाही. मी मात्र स्वच्छ राहिलो.” मग त्यांनी चकली उचलली आणि माझ्या नवऱ्याला भाजणीत काय काय घालतात ते विचारायला लागले.

मला त्या दिवशी ते फार मोठे वाटले, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला इतका राग आला.

आमच्या वर्कशॉपमध्ये यासीन परकार नावाचा फॅब्रिकेटर होता, दापोलीकडचा. अबोल, कामाला चोख. एका सकाळी तो उठलाच नाही. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. घरच्यांच्या संमतीने त्याला इथेच दफन केलं. मिनिस्टर डोक्याला रुमाल बांधून इतरांबरोबर उभे होते. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे घरी दोन ओळींचा छापील कागद जायचा. मिनिस्टरांनी तो बाजूला ठेवला आणि लेटरहेडवर पानभर पत्र मला डिक्टेट केलं. यासीन कसा होता, त्याच्या हातचे दरवाजे कोणत्या इमारतींना लागले आहेत, शेवटच्या दिवशी तो काय जेवला. आणि अखेरीस, ‘कंपनी आपल्या कुटुंबाला आपलंच मानते आणि आपल्या पाठीशी सदैव उभी राहील.’ मॅनेजमेंटच्या वतीने खाली सही, सुमांदाल, आणि गोल शिक्का. मी टाईप करताना थबकले होते. पण वाक्य छान होतं. बावीस वर्षं हजारो घरांत बोललेलं वाक्य, तोंडात बसलेलं. ते वाक्य त्यांनी काही विचार करून लिहिलं नव्हतं, हे ते स्वतःच नंतर मला म्हणाले.

निवडणुकीतलं असलं वाक्य ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पण हे पत्र कोकणात गेलं होतं, आणि तिथे गल्फच्या कंपनीचा गोल शिक्का म्हणजे दगडावरची रेघ. दोन महिन्यांनी यासीनच्या बायकोचं, रुकय्याचं उत्तर आलं. शाळेत शिकलेली स्वच्छ मराठी. मी ते मिनिस्टरांना इंग्रजीत वाचून दाखवलं. ‘आपण आम्हाला आपले मानले, घरात आता कमावते कोणी नाही. माझा भाऊ शौकत याला वेल्डिंगचे काम येते. यासीनच्या जागेवर त्याला बोलवावे. पासपोर्टची झेरॉक्स जोडली आहे.’ बस्स, एवढंच. मिनिस्टरांनी झेरॉक्स हातात घेतली आणि तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचलं.

करंदीकर साहेब मनाने वाईट नव्हते, पण घाबरट होते. घाबरट माणूस कडक दिसतो. त्यांचा चेहरा पत्र वाचता वाचता लाल झाला. “आज एक आला, उद्या चारशे लोकांचे मेव्हणे येतील. कोणी अधिकार दिला याला? सबनीसबाई, तुम्ही टाईप केलंत, तुम्हाला कळलं नाही?” कंपनीच्या वकिलाचा सल्ला पडला, की सुमांदालकडून लिहून घ्या: हे पत्र कंपनीच्या परवानगीशिवाय, चुकून गेलं, कंपनीवर त्याचं कसलंही बंधन नाही. एवढा कागद फाईलला लागला की विषय खलास.

मिनिस्टर म्हणाले, बघतो. आणि चार दिवस त्यांनी काही केलं नाही. मला आनंद झाला. या माणसाने एकदा असल्या कागदावर सही न करता मंत्रिपद सोडलं होतं.

पाचव्या दिवशी मनिलाहून फॅक्स आला. मशीन माझ्या टेबलाशेजारी, त्यामुळे पहिला मीच वाचला. त्यांच्याकडे पुन्हा सरकार बदललं होतं. नव्या मंत्रिमंडळात त्यांना कामगार खातं मिळत होतं. आठ दिवसांत हजर व्हा, शपथविधी आहे. ऑफिसभर बातमी पसरली. कॅम्पमध्ये गुलखानने मिठाई वाटली. स्टोअरकीपर जमीनदार जरा गप्प गप्प झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाचा तरी भूतकाळ खरा निघाला होता.

पण पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. तेव्हा सगळ्यांचेच तिथे असत. कॉन्ट्रॅक्ट संपायला आठ महिने बाकी, आणि रिलीज, म्हणजे मुदतीआधी मोकळं केल्याचा कागद, द्यायचा की नाही ते करंदीकरांच्या हातात. करंदीकरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही वही घेऊन बसवलं. “सर,” आता ते सर म्हणायला लागले होते, “आम्हाला तर अभिमान आहे. तुम्ही तो कागद सही करा, मी रिलीज आणि पासपोर्ट आजच्या आज देतो. यल्ला, तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे.”

मी मिनिस्टरांकडे पाहत होते. ते नाही म्हणणार आणि हा गृहस्थ कसा तोंडघशी पडणार, याची मी वाट बघत होते.

ते म्हणाले, “अर्थात.”

तासाभरात ते एक जाड फोल्डर घेऊन आले. सगळ्यांत वर तो कागद. पत्र सर्वस्वी आपली वैयक्तिक चूक होती, कंपनीने असं कोणतंही वचन दिलेलं नाही, टायपिस्टने केवळ सांगितलेलं टाईप केलं. शब्द सुंदर होते, सही ठसठशीत होती. करंदीकरांचा जीव भांड्यात पडला. फोल्डरमध्ये खाली कॅम्पचे राहिलेले कागद होते, जाण्यापूर्वी हातावेगळे करायचे. नव्या प्रोजेक्टच्या व्हिसाचे अर्ज, मेडिकलचे फॉर्म, सगळं अरबीत. जिथे सही हवी तिथे पिवळी चिठ्ठी. साहेबांना काय, मला काय, अरबी वाचता येत नसे. पिवळी चिठ्ठी दिसली की सही, हीच पद्धत. साहेबांनी खुशीत भराभर सह्या केल्या आणि तिजोरी उघडली.

मी मिनिस्टरांशी बोलायचं बंद केलं. तीन दिवस ते “गुड मॉर्निंग, मॅम नीला” म्हणत आणि मी मान हलवत होते. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, “सर, त्या बाईला आता मी काय कळवू?” ते म्हणाले, काही कळवू नका. “पण तुम्ही लिहून दिलं होतं.” ते म्हणाले, “ती चूक होती, मॅम नीला. लिहायला नको होतं.” जायच्या दिवशी सगळे त्यांच्या हातात हात देत होते. ते माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी फॅक्स मशीनचा कागद बदलायला घेतला. कागद भरलेला होता. मला ते माहीत होतं, आणि त्यांनाही दिसत होतं. ते क्षणभर थांबले आणि गेले. मुक्ताला मी घरी एवढंच सांगितलं, की खुर्ची दिसली की सगळे सारखेच.

तीन महिन्यांनी नव्या प्रोजेक्टची माणसं आली, बावीस फॅब्रिकेटर्स. मी त्यांच्या फायली करत होते. सतराव्या पासपोर्टवर नाव होतं शौकत, आणि खाली दापोली.

मी वर पाहिलं. समोर एक सडसडीत तरुण उभा होता, नवे बूट घातलेला. मराठीत म्हणाला, “ताई, यासीनभाईंची खोली कोणती होती?”

मी त्याला खोली दाखवायला कोणाला तरी सांगितलं आणि तडक आमच्या मंदूबकडे गेले. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कंपनीची कामं करणारा माणूस. आमचा मंदूब हसनमियाँ, मूळचा हैदराबादचा, आणि अख्ख्या ऑफिसात अरबी येणारा एकटाच. तो आधी उडवाउडवी करू लागला. मग हळूच म्हणाला, “मिनिस्टर साब सतरा नंबर पे ये नाम डालो बोले, मैं डाल दिया. आगे नक्को पूछो मॅडम.” मी फाईल काढली. त्या अरबी यादीवर करंदीकरांची सही होती, आणि तारीख, त्या माफीच्या कागदावर होती तीच.

मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले, ते सरळच सांगते. शौकतसाठी रडले की त्या फॅक्सच्या कागदासाठी, ते मला सांगता येणार नाही. मिनिस्टरांचा पत्ता शोधून त्यांना एक पत्र लिहावं असं शंभरदा मनात आलं. पण त्यांनी जे लिहायला नको होतं म्हटलं होतं, त्याबद्दल लिहायचं तरी कसं?

दोन वर्षांनी ते आले. आपल्या देशाच्या कामगारांची पाहणी करायला मंत्री येणार आणि मुसफ्फातल्या आपल्या जुन्या कंपनीला भेट देणार, असं कळलं तेव्हा करंदीकरांनी नवा सूट शिवला. येईल त्याला ते सांगत होते, की आर्तेमिओ आणि मी म्हणजे भावासारखे. काळ्या गाड्या आल्या. दोन वार्ताहर, एक फोटोग्राफर, दूतावासाची माणसं. मिनिस्टर उतरले, केस पांढरे झालेले, बूट तसेच चकचकीत. ते ऑफिसकडे न येता आधी रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे गेले. दोन्ही हातांनी हात मिळवत, नावं घेत. गुलखानने वाकून त्यांच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. मग ते शौकतपाशी आले आणि थांबले.

मी पुढे झाले. मला सर्वांसमक्ष सांगायचं होतं, की याला कोणी आणलं ते मला माहीत आहे, आणि त्या दिवशी मी तुमच्याशी फार वाईट वागले. मी म्हटलं, “सर, ती यादी तुम्ही...”

“मॅम नीला,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्याचं श्रेय माझं नाही.” त्यांनी शौकतच्या खांद्यावर हात ठेवला आणि वार्ताहरांकडे वळले. “या कंपनीतला एक कामगार गेला. हा त्याचा मेव्हणा. मिस्टर करंदीकरांनी त्याच्या जागेवर याला बोलावून घेतलं. कोणत्याही कायद्याने त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. कागद बघा, त्यावर यांची सही आहे. मी हे उदाहरण माझ्या मंत्रालयात सांगितलं आहे.”

करंदीकरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शौकत कोण, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. एक रंग आला, एक गेला. फोटोग्राफरने कॅमेरा वर केला. आणि मग आमचे साहेब सावकाश ताठ झाले, त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि शौकतच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला. “आमच्याकडे हे पहिल्यापासूनच आहे,” ते म्हणाले. “इट्स अ फॅमिली कंपनी.”

वार्ताहर लिहून घेत होते. मिनिस्टर हसले नाहीत. त्यांनी आपल्या त्या गंभीर, सभ्य आवाजात सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, “आणि गेल्या महिन्यात जो पेंटर गेला, सिल्हेटचा, त्याच्या घरून कोणाला बोलावताय?”

“प्रोसेसमध्ये आहे,” करंदीकर म्हणाले.

“इन्शाल्ला,” मिनिस्टर म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला. “मॅम नीला,” ते म्हणाले, “साहेबांचं हे वाक्य तेवढं लिहून घ्या. माझ्याकडे कॉपी पाठवा.”

ते गाडीकडे निघाले. मी तिथेच, उन्हात उभी राहून, वार्ताहराकडून कागद मागून घेतला आणि साहेबांचं वाक्य लिहायला लागले. साहेब शेजारी येऊन थांबले, कागदात डोकावले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सबनीसबाई, त्या पेंटरला भाऊ होता का हो?”